अळीमिळी गुपचिळी: पॅकेज ‘स्टेबल’ करण्याची सोपी कृती

अभिनंदन! डेबियन या लिनक्स प्रणालीतलं एक पॅकेज तुमच्या गळ्यात पडलं आहे. आधीचा मेंटेनर कंटाळून गेला आणि उघड्या बगांचं गाठोडं तुमच्या दारात ठेवून गेला. घाबरू नका. कोड वाचावा लागत नाही.

१. नियम समजून घ्या. पॅकेज ‘अनस्टेबल’मध्ये ठरलेले दिवस राहिलं, त्या मुदतीत नवा गंभीर बग नोंदला गेला नाही आणि इतर पॅकेजांशी त्याचं जुळलं, की ते आपोआप ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं; पुढची ‘स्टेबल’ आवृत्ती तिथूनच बनते. तुम्ही लिहिलेली अर्जन्सी, म्हणजे निकड, ‘लो’ असेल तर १० दिवस, ‘मीडियम’ला ५, ‘हाय’ला २. एखाद्या माणसाने ते चालवून पाहिलं का, हे कुणी विचारत नाही. तेव्हा ‘हाय’ लिहा आणि शुक्रवारी रात्री चढवा.

२. तरी तक्रार आलीच, तर तीव्रता बदला. वाट अडवतात ते फक्त ‘क्रिटिकल’, ‘ग्रेव्ह’ आणि ‘सीरियस’. ‘इम्पॉर्टंट’ अडवत नाही. नावावर जाऊ नका. बग ‘इम्पॉर्टंट’वर उतरवा, तक्रारदारालाही मान मिळाल्यासारखं वाटेल.

३. ‘आमच्याकडे होत नाही’ हे वाक्य पाठ करा. २००८-०९ मध्ये डेबियनवर बेतलेल्या उबुंटूवर एक तक्रार गाजली: ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. हसू येतं ना? पण ते खरं होतं. छापायच्या फाइलच्या सुरुवातीलाच तारीख असते. फाइलचा प्रकार ओळखणाऱ्या ‘फाइल’ नावाच्या छोट्या प्रोग्रामकडे अर्लांग भाषेच्या फाइलींची एक खूण होती: १९९१ च्या जानेवारीतल्या एका मंगळवारची अख्खी तारीख-वेळ. मधल्या मोकळ्या जागा नीट नोंदलेल्या नव्हत्या, म्हणून खुणेतला फक्त ‘टी-यू-ई’ तेवढा उरला. मंगळवार उजाडला की छापायचा कागद अर्लांगचा ठरायचा आणि प्रिंटर गप्प. हे शोधायला चिकाटी लागते. तुम्ही बुधवारी उत्तर द्या, ‘आमच्याकडे निघतेय’, आणि ‘अनरिप्रोड्यूसिबल’चा शिक्का मारा.

४. काही जमलं नाही, तर वाट पाहा. फेडोराकडून शिका: या लिनक्सची एक आवृत्ती साधारण १३ महिने जगते. ती संपली की तिच्यावरचे उघडे बगही मिटवतात. बग नव्या आवृत्तीतही आहे, हे तक्रारदाराने येऊन सांगायचं. बिचाऱ्याने लॉग जोडले होते, स्क्रीनशॉट काढले होते. पुन्हा काढू दे, हात बसेल.

५. तपासणीचं साधन कुरकुरत असेल, तर कुरकुरीला कारण ठरलेल्या ओळीच बंद करा. डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमध्ये २००६ साली व्हॅलग्राइंडची कुरकुर तशीच थांबवली होती. मे २००८ मध्ये उघड झालं की त्या ओळींबरोबर एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांमधली अनिश्चितताही गेली होती. एका प्रकारच्या यंत्रावर, ठरावीक लांबीच्या किल्लीला उरल्या होत्या जेमतेम ३२,७६८ शक्यता. मधल्या काळात पॅकेज रीतसर ‘स्टेबल’मध्ये पोचलं होतं. तक्रार कुणाचीच नव्हती. पहिला नियम इतका चोख क्वचितच पाळला गेला असेल.

६. ‘स्टेबल’ला पोचलात? आता हात लावू नका. इथे बगसुद्धा स्थिर असतात. एक्सस्क्रीनसेव्हरच्या लेखकाने वैतागून प्रोग्राममध्येच पाटी लावून ठेवली होती: ही आवृत्ती फार जुनी आहे, नवी घ्या. २०१६ मध्ये ती डेबियन ‘स्टेबल’वाल्यांच्या पडद्यावर झळकली. त्यावर बग नोंदला गेला, तो पाटीवर. अशी पाटी काढण्याचा पॅच लहान असतो. नवशिक्याला पहिलं काम म्हणून अगदी योग्य.