सॉकेटचे मानपान

सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझा प्रोग्राम चालतो. सीएनसी मशीनने किती नग काढले, हे मशीनशेजारच्या विंडोज पीसीवरून ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरला कळवायचं, एवढंच त्याचं काम. लिहितो मी घरी, मॅकवर. वायरीतून जाणारे बाइट तिघांनाही तेच. मानपान मात्र तिघांचे तीन.

सॉकेट मूळचं बर्कलीचं, १९८३ च्या बीएसडी युनिक्समधलं. मॅक आणि लिनक्स त्याच वळणाचे: वाचा, लिहा, क्लोज म्हणा, निघा. विंडोजचं विनसॉक नव्वदीच्या दशकात आलं ते वरमाईच्या थाटात. आधी डब्ल्यूएसए-स्टार्टअपची अक्षत; त्याशिवाय बाई बोलायच्याच नाहीत. निघताना डब्ल्यूएसए-क्लीनअपने ओटी भरायची. नुसतं क्लोज खपत नाही, क्लोजसॉकेट म्हणा. आणि बिनसलं तर एर्नोमध्ये डोकावायचं नाही, त्याची चौकशी करायला वेगळं फंक्शन आहे.

चौकशीतून निघतो आकडा. समोरच्याने जोडणी नाकारली, तर लिनक्स सांगतो १११, मॅक ६१, विंडोज १००६१. परवा ऑपरेटरचा फोन: "सर, दहा हजार एकसष्ट!"

"वा, एका शिफ्टमध्ये?"

"नग नाही सर, एरर."

लिनक्स तर कधीकधी आकडाही सांगत नाही. ऑपरेटरने चहाला जाताना प्रोग्राम बंद केला, इकडे सर्व्हर पावत्या पाठवतच राहिला, की सिगपाइप येतो आणि सर्व्हर जागीच गार. लॉगमध्ये अक्षर नाही. सेंडला एमएसजी-नोसिग्नल जोडलं की तो वाचतो. मॅकवर त्यासाठी सॉकेटलाच वेगळा पर्याय लावायचा. विंडोजवर ही भानगडच नाही, हे श्रेय बाईंना द्यायलाच हवं.

हे ऐकून शेठ म्हणाले, "मग सर्व्हरही विंडोजवरच टाका ना." टाकला. आता, सर्व्हर बंद करून लगेच चालू केला तर लिनक्स कधीकधी मिनिटभर तोच पोर्ट देत नाही. रीयूज-अ‍ॅड्रेस लावलं की देतो. विंडोजवर याच नावाचा पर्याय पहिला प्रोग्राम जिवंत असतानाच दुसऱ्याला त्याच पोर्टवर बसवतो. नवी जोडणी कोणाकडे जाईल, याची खात्री खुद्द मायक्रोसॉफ्टही देत नाही. कोणीतरी आयकॉनवर दोनदा डबल-क्लिक केलं, दोन सर्व्हर उठले, तक्रार कोणाचीच नाही. त्यावर एक्सक्लुझिव्ह-अ‍ॅड्रेस-यूज नावाचा उतारा आहे. तो लावेपर्यंत शेठ स्क्रीनसमोर येऊन उभे.

"दोन-दोन चालू आहेत, मग नग दुप्पट का दिसत नाहीत?"