पाच ऊस आणि एक झाकण

आमच्या साडूंनी गेल्या दिवाळीत गाडी घेतली असं नातेवाइकांत बोललं जातं. खरं म्हणजे त्यांनी डिकी घेतली. तिच्यापुढं इंजिन, चार चाकं आणि पाच माणसांची बसायची सोय कंपनीनं जोडून दिली, इतकंच.

पौषात पंढरपूरला गर्दी कमी असते, म्हणून सासूबाईंना घेऊन जायचं ठरलं. पहाटे सहाला साडू दारात हजर. मी बॅगा खाली ठेवायला वाकलो तर ओरडले, "ठेवू नका! हात भरलेले असू द्या. त्यातच तर गंमत आहे." मग दोन्ही हातांत आमच्याच बॅगा घेऊन ते गाडीमागं उभे राहिले, एक पाय बंपरखाली सरकवला आणि झटकन मागं घेतला. टुक टुक आवाज झाला, दिवे लुकलुकले आणि डिकीचं दार सावकाश वर गेलं.

"अगं बाई, झाकण आपलं आपण उघडलं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, झाकण नाही. पॉवर टेलगेट."

"तेच ते."

बॅग आत ठेवून सरळ होताना उघड्या दाराची कड माझ्या कपाळाला लागली. पाहुण्याच्या नव्या गाडीला कपाळ लागलं तर विचारपूस गाडीची करायची असते. मी ती केली आणि गप्प बसलो.

हडपसर सुटेपर्यंत डिकी एकदाच उघडली. पाटसच्या टोलनाक्यापुढं चहाला थांबलो तिथं हॉटेलच्या रखवालदारासाठी दोनदा. भिगवणला अग्निपंख बघायला उतरलो. पाण्यात गुलाबी रांगच्या रांग उभी होती. पक्षी आम्ही दहा मिनिटं पाहिले, डिकी वीस मिनिटं. मासे विकणाऱ्या दोघांनी ती तीन वेळा उघडून घेतली. दर वेळी इंजिन बंद, आणि आत मेव्हणीची भजनं चालू. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

इंदापूर मागं पडलं आणि भीमानगरजवळ उजनीची भिंत दिसली. साडूंनी गाडी हळू केली. "दरवाजे बघा. एक्केचाळीस आहेत!" त्यांच्या आवाजात हेवा होता. ४१ दरवाजे, आणि एकही पाय दाखवून उघडत नाही. उजनीचा हिशेबही वेगळा. धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा म्हणून तळाशी राहतं. पाणी त्याच्याखाली उतरलं की इकडची माणसं 'धरण मायनसमध्ये गेलं' म्हणतात. शून्याच्या खालीही बरंच काही शिल्लक असतं, हे गणित सोलापूर जिल्ह्याला तोंडपाठ आहे. त्या दिवशी ते आम्हालाही शिकायचं होतं, पण बॅटरीवर.

टेंभुर्णी हे गाव नकाशावर नीट बघावं. पुणे-सोलापूर रस्ता तर आहेच; शिवाय इथून पंढरपूरला जाता येतं, करमाळ्याला, कुर्डुवाडीला आणि अकलूजलाही. त्यामुळे टेंभुर्णीत उभा असलेला प्रत्येक माणूस कुठंतरी निघालेला असतो. पण वाटेत कुणाची गाडी अडली तर तो निघणं रद्द करतो. जानेवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. रस्त्यानं जोडट्रेलरचे ट्रॅक्टर चालले होते, ट्रेलरमधला ऊस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला की मागून ट्रॅक्टर न दिसता उसाचं शेत चालत गेल्यासारखं दिसे.

हॉटेलसमोर गाडी लावली. सासूबाईंच्या गोळ्या आणि दशम्यांचा डबा डिकीत होता. साडूंनी माझ्या आणि स्वतःच्या अशा दोन पाण्याच्या बाटल्या हातात घेतल्या (भरलेले हात!) आणि पाय सरकवला. काही नाही. पुन्हा सरकवला. काही नाही. मग पाय बंपरखाली डावीकडून उजवीकडं फिरवला, जमिनीवर सांडलेलं काही पुसावं तसा. चहा पिणारी माणसं खुर्च्या वळवून बसली.

"चप्पल अडकली का पाव्हणं?" एकानं विचारलं.

तेवढ्यात हॉटेलचं तांबडं कुत्रं सावली शोधत बंपरखाली शिरलं, तिथं तापलेलं काहीतरी लागलं म्हणून लगेच मागं सरलं. टुक टुक. दार वर गेलं.

टाळ्या कुत्र्याला मिळाल्या. यात चमत्कार काही नव्हता. बंपरच्या आत तारेसारखे दोन सेन्सर असतात. त्यांना पाय दिसत नाही. जवळ काहीतरी आलं आणि लगेच गेलं, एवढं विजेच्या क्षेत्रातल्या फरकावरून कळतं. गाडीची किल्ली जवळ असली की पुरे, आणि ती साडूंच्या खिशात होती. आत-बाहेर अशी सरळ हालचाल हवी. साडूंनी झाडू मारला, कुत्र्यानं नियम पाळला. लाथेचा हा प्रकार फोर्डनं अमेरिकेत २०१२ साली एस्केप गाडीबरोबर आणून गाजवला. टेंभुर्णीच्या कुत्र्याला तो बिनमाहितीपुस्तकाचा जमला.

मी डबा काढला आणि कपाळ पुन्हा आपटलं. या वेळी आवाज झाला. तेव्हा मेव्हणी म्हणाली, "अहो, ते मीच खाली आणलंय. आमच्या बेसमेंटला वर पाइप आहे ना, त्याला लागायचं. हवं तिथं थांबवून बटण दाबून धरलं की टुक होतं आणि तेवढीच उंची त्याच्या ध्यानात राहते." साडू पाच फूट तीन इंच. दोन महिने ते ताठ मानेनं त्याखालून ये-जा करत होते आणि दार अर्धवट उघडतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. मग साडूंना ऊस दिसला.

थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी एक ऊस मागितला. इकडं एक ऊस मागितला तर एक देणं कमीपणाचं असतं. त्यानं ट्रेलरमधून पाच उपसले, प्रत्येक सात-आठ फुटांचा. साडूंनी ते मागच्या सीटच्या फटीतून तिरके घातले. शेंडे वीतभर बाहेर राहिले.

"ऊस आडवा येतोय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे दार हुशार आहे," म्हणत साडूंनी बटण दाबलं. दार खाली आलं, उसाला टेकलं, थबकलं आणि परत वर गेलं. पुन्हा बटण. पुन्हा खाली, पुन्हा वर. साडूंनी दाराला आवाज चढवून सांगितलं. दार चौथ्यांदा खाली आलं, पण या वेळी वरही गेलं नाही. मध्येच, माझ्या छातीशी थांबलं आणि पिकपिक करत राहिलं. बटण दाबा, किल्ली दाबा, पाय घाला, कुत्रं घाला, काही नाही.

गर्दी जमली. आता प्रत्येकाकडं एक उपाय होता आणि प्रत्येकाला मोकळा वेळ होता. एक म्हणाला दोघांनी लोंबकळा. हॉटेलवाला म्हणाला, टीव्हीसारखं बंद करून चालू करा. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ एसटीची वाट बघत होते, त्यांनी एसटी सोडली. त्यांनी सांगितलं की बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत गेली, रूळ अडीच फुटांचे, आणि इतक्या वर्षांत डब्याचं दार हातानं ओढलं की लागायचं. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, ऊस आडवा येतोय." त्या खुर्ची मागवून बसल्या आणि दशमी खाऊ लागल्या.

साडूंनी हॉटेलवाल्याचं ऐकलं. बॉनेट उघडून बॅटरीची एक वायर काढली, पाच मिनिटांनी लावली. आता पिकपिकही थांबली. पूर्वी दार रुसलं होतं, आता त्याची वाचाच गेली.

शेवटी कुणीतरी फोन लावला आणि मोटरसायकलवरून वायरिंगवाला पोरगा आला. वय तेवीस-चोवीस, खिशात टेस्टर, हातात मीटर. त्यानं दार पाहिलं, गर्दी पाहिली आणि पहिलं वाक्य बोलला, "आधी ऊस काढा."

सासूबाईंनी आमच्याकडं पाहिलं नाही. ते जास्त लागलं.

मग त्यानं बॅटरीला मीटर लावला. साडेअकराच्याही खाली. "ही मायनसमधी गेलीय," तो म्हणाला. गर्दीला एका शब्दात सगळं समजलं. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असली की साडेबाराच्या वर दाखवते. इंजिन बंद ठेवून इतक्या वेळा दार वरखाली केलं, त्यात भजनं. गाडीचं इंजिन चालू व्हावं म्हणून उरलेली वीज राखायची असते, म्हणून गाडीतला कंट्रोलर असल्या ऐषारामाच्या कामांना आधी नकार देतो.

"म्हंजे आमच्या मोटरीचा स्टार्टरच की," एक शेतकरी पुढं सरकले. "व्होल्टेज पडलं की ट्रिप."

"बरोबर. आन् ऊस आडवा आला तरी ट्रिप."

इथून पुढं साडूंची गरज संपली. त्यांच्या माहितीपुस्तकाची पानं गाडीच्या टपावर वाऱ्यानं फडफडत होती, आणि पोरगा दाराच्या दोन बाजूंच्या काळ्या दांड्या दाखवत होता. या गॅसच्या दांड्या दिसतात, पण आत गॅस नाही. नळीत छोटी मोटर, तिला जोडलेले गिअर, त्यापुढं आटे पाडलेला लांब रॉड. मोटर फिरली की रॉड फिरतो आणि दांडी लांब होते. उलटी फिरली की आखूड.

"टॉप लिंक!" ट्रॅक्टरवाला ओरडला. ट्रॅक्टरमागं औत लावतात त्या तिसऱ्या दांडीलाही असेच आटे असतात, फिरवून लांब-आखूड करायची. फरक एवढाच की ती हातानं फिरवावी लागते आणि तिच्याकडं बघून कुणी टाळ्या वाजवत नाही.

"मग एवढं वजन एवढीशी मोटर कशी उचलती?"

"उचलत न्हाई. वजन स्प्रिंग तोलतीय, भोवती हाय बघा. मोटर नुसती वाट दाखवती."

मला हे वाक्य आवडलं. आमच्या घरातली पुष्कळशी कामं याच पद्धतीनं होतात.

दार किती उघडलं हे कळण्यासाठी मोटरीवर चुंबक आणि सेन्सर असतो. तो फेरे मोजत राहतो. इतके फेरे म्हणजे मेव्हणीची उंची, इतके म्हणजे माझी. फेरे अचानक मंदावले किंवा मोटर जास्त करंट ओढू लागली की कंट्रोलर समजतो, मध्ये कुणाचा तरी हात आहे, आणि दार मागं घेतो. शिवाय काही गाड्यांत दाराच्या कडेला दाब ओळखणाऱ्या रबरी पट्ट्या असतात. दाराला हात आणि ऊस यांतला भेद कळत नाही, आणि कळू नये हेच बरं. चार वेळा अडथळा आला, मोटर तापू नये म्हणून दारानं हात जोडले. आणि आम्ही बॅटरीची वायर काढली तेव्हा त्याची मोजणीच पुसली गेली. आपण वर आहोत की खाली हे त्याला आठवेना. आठवेना म्हणून हलेना.

"हातानं लावा एकदा पूर्ण. शून्य कुठाय ते त्याला दाखवायचं."

दोघांनी हळूहळू रेटत दार खाली आणलं. शेवटचं बोटभर अंतर उरलं तेव्हा आतून घर्रर्र आवाज आला आणि दार आपणहून आत ओढलं गेलं. खटक्याला वेगळी छोटी मोटर असते. उघडताना कुलूप तीच सोडते आणि लावताना तीच आवळून घेते. पोरग्यानं इंजिन चालू करायला लावलं, मीटरवर चौदाच्या आसपास आकडा आला, आणि त्यानं साडूंच्या हातात किल्ली दिली. टुक टुक. दार वर गेलं, वर गेलं, माझ्या कपाळाच्या पुढं गेलं आणि पूर्ण उंचीवर थांबलं. मेव्हणीची उंचीही पुसली गेली होती. पाचही ऊस, टॉप लिंक, स्टार्टर आणि कुर्डुवाडीचा कारखाना असे सगळे मिळून आम्ही ते दोनदा उघडलं आणि दोनदा लावलं. तिसऱ्यांदा पोरगा नको म्हणाला.

पैसे विचारले तर त्यानं शंभर रुपये घेतले आणि ऊस तुम्हाला नको असेल तर द्या म्हणाला. मोटरसायकलला पाच ऊस बांधून तो गेला. शेंडे मागं वीतभर बाहेर होते, पण मोटरसायकलला डिकी नसते.

पंढरपूरला पार्किंगमध्ये उतरलो तेव्हा सासूबाई आधी उतरून गाडीमागं गेल्या. लुगड्याच्या निऱ्या जराशा उचलून त्यांनी पाय बंपरखाली घातला आणि सरळ मागं घेतला. पहिल्याच वेळी उघडलं.

टेंभुर्णीवरून जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: तिथं कुणीही ऊस देईल, घेऊ नका. रसवंतीवर थांबा, आलं-लिंबू घालून दोन ग्लास रस प्या, आणि तोवर गाडीतली भजनं बंद ठेवा.