आधी दोन तास, मग पाया

आपल्याकडे बहुतेक माणसं आयुष्यात एकदाच घर बांधतात आणि त्या घराचा नकाशा प्लॉटवर उभ्या उभ्या ठरतो. ठेकेदार कुठल्यातरी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार चौकोन काढतो. पुढं हॉल, बाजूला किचन, मागं दोन बेडरूम, मधून पॅसेज, जिना बाहेरून. "सगळ्यांचं असंच असतं," म्हणतो. तेवढं मात्र तो खरं बोलतो.

कराड, बार्शी, जालना, वर्धा, कुठल्याही गावाच्या वाढत्या कडेला जाऊन बघा. तीस बाय चाळीसचे प्लॉट, एकसारखी घरं. रस्ता पूर्वेला असो की पश्चिमेला, नकाशा तोच. टाइल्स निवडायला घरातले पाच जण चार दुकानं पालथी घालतात. मोटारीच्या रंगावर आठवडाभर चर्चा होते. घर कसं असावं यावर मात्र अर्धा तास, तोही ठेकेदाराच्या सोयीनं.

आर्किटेक्टकडे का जात नाही? परवडत नाही म्हणून. हे कारण खोटं नाही. हजार चौरस फुटांचं घर धरा, चौरस फुटाला दोन हजार रुपये धरा. वीस लाख झाले. आर्किटेक्टची फी पाच टक्के धरली तरी एक लाख. नकाशे, तपशील, परवानगीचे कागद, महिनोन् महिने साइटवरच्या फेऱ्या, एवढ्या कामाला एक लाख जास्त नाहीत. पण ज्याच्या पगारातून कर्जाचा हप्ता कापला जाणार आहे, त्याला त्या लाखात स्लॅबचं स्टील दिसतं. तो आर्किटेक्टच्या पायऱ्याही चढत नाही. मग नगरपालिकेत प्लॅन पास करून देणाऱ्याकडे जातो, आणि तो माणूस ठेकेदाराचेच चौकोन नीट पट्टीनं आखून देतो.

माझं भांडण या "सगळं घ्या, नाहीतर काहीच नको" पद्धतीशी आहे. डॉक्टर तपासणीची फी वेगळी घेतो, ऑपरेशनची वेगळी. आर्किटेक्टकडे तपासणीची फी का नसावी? दोन तास. एक फेरी प्लॉटवर. हातानं काढलेला एक नकाशा. ठरलेली रक्कम, दारावर लिहिलेली. समजा, पाच हजार रुपये. बाकी काम ज्याला जमेल तो देईल, नाही जमलं तर नाही देणार.

दोन तासांत होतं काय, असं विचारणाऱ्यांनी पॅसेज मोजावा. तीन फूट रुंद, वीस फूट लांब, म्हणजे साठ चौरस फूट. दोन हजारांच्या दरानं एक लाख वीस हजार रुपये, नुसतं चालायला. त्यात ना खाट मावते, ना उजेड येतो. जाणता आर्किटेक्ट जिना फिरवतो, दोन दारांच्या जागा बदलतो आणि निम्मा पॅसेज खाऊन टाकतो. कागदावर हे काम दहा मिनिटांचं असतं. कॉलम उभे राहिल्यावर ते कुणाच्या बापाला जमत नाही.

दुसरी गोष्ट पश्चिमेची भिंत. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी बाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. तीननंतर सूर्य पश्चिमेला खाली येतो, तेव्हा छज्जा काही कामाचा नाही. भिंत तापते आणि रात्री घरात उष्णता सोडत बसते. त्याच भिंतीला टेकून बेडरूम काढलेली असते. मग कूलर, मग एसी, मग विजेचं बिल, जन्मभर. त्या बाजूला जिना, बाथरूम, धान्याची खोली, कपाटांची रांग घेतली असती तर खर्च एक रुपयानं वाढला नसता. आणि वारा? उन्हाळा-पावसाळ्यात तो बहुतेक भागात पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू सगळी बंदही करून चालत नाही. छोटी खिडकी कुठं, किती उंचीवर, समोरच्या भिंतीत तिची जोडीदार कुठं, हे प्लॉटवर उभं राहूनच ठरवायचं असतं. ठेकेदाराला हे कुणी विचारत नाही आणि तो सांगत नाही.

आता सरकारनं काय केलं ते बघा. 2020 च्या डिसेंबरात मुंबई आणि काही भाग वगळता राज्याला एकच विकास नियमावली लागू झाली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचं तर कागद आणि पैसे भरल्याची पावती हीच परवानगी. तीस बाय चाळीस म्हणजे साधारण एकशे अकरा चौरस मीटर, तोही यात बसतो. लहान माणसाचे हेलपाटे वाचले, ते चांगलंच झालं. पण नियम तपासतो तो सामासिक अंतर, उंची, मजले. तुमच्या स्वयंपाकघरात उजेड येतो का, हे पूर्वीही कुणी तपासत नव्हतं आणि आता तर तो कागद कुणी दोनदा बघणारही नाही.

कायद्यानंही आर्किटेक्ट सक्तीचा केलेला नाही. 1972 चा आर्किटेक्ट्स अॅक्ट ती पदवी कुणी लावावी एवढंच ठरवतो. घराचा आराखडा नोंदणी नसलेल्या माणसानं करू नये, असं तो म्हणत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या मार्चमध्ये स्पष्ट केलं. आर्किटेक्ट मंडळींनी या निकालावर हळहळत बसू नये. कायदा गिऱ्हाईक आणून देणार नसेल तर दार आपणच उघडं ठेवायला हवं.

हे दार एकानं फार पूर्वी उघडलं होतं. ब्वेनोस आयरेसचे रोदोल्फो लिविंगस्टन. साध्या कुटुंबांची घरं हाच त्यांच्या कामाचा गाभा. पहिली भेट पैसे घेऊनच, पुढचं काम टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्याची किंमत वेगळी. त्या पहिल्या भेटीत ते घरातल्या माणसांना कामाला लावत. घरातलं काय आवडतं, काय खुपतं, दोन्ही सांगा. मग सरकारी वकील व्हा आणि आपल्याच घरावर आरोप ठेवा. मग तुमच्या मनातला नकाशा तुमच्या हातानं काढा, वेडावाकडा चालेल. हे सगळं झाल्यावर त्यांची पेन्सिल उचलली जाई. पुढं 1990 च्या दशकात क्यूबानं हीच पद्धत उचलून वस्त्यावस्त्यांत आर्किटेक्ट बसवले. देश हलाखीत होता, सिमेंट मिळत नव्हतं, तरी सल्ला मिळत होता. ब्राझीलनं 2008 मध्ये कायदाच केला की गरीब कुटुंबाला घराच्या आराखड्यासाठी तांत्रिक मदत फुकट मिळाली पाहिजे.

तो सरकारी वकिलाचा खेळ आपल्या घरांत खेळून बघाच. पहिला आरोप स्वयंपाकघरावर येईल आणि तो ठेवणारी बाई नकाशा ठरताना तिथं नव्हती. ओट्यासमोर खिडकी नाही, खिडकी आहे तर शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. भांडी घासायची जागा जिन्याखाली, वाकून. दुसरा आरोप सासूबाईंचा: खालच्या मजल्यावर बाथरूम आहे, पण त्यांच्या खोलीपासून हॉल ओलांडून, पाहुण्यांसमोरून. या दोघींना दोन तास समोर बसवून ऐकणं हे मी आर्किटेक्टच्या कौशल्यात पहिल्या क्रमांकावर धरतो.

आर्किटेक्टांच्या तक्रारी मला ठाऊक आहेत. एवढ्याशा नकाशावर गवंडी काहीतरी बांधून ठेवेल आणि नाव आमचं खराब होईल, ही पहिली. त्याला उपाय आहे. कागदावरच लिहून द्या: हा सल्ल्याचा नकाशा आहे, यात आरसीसी नाही, परवानगीचे कागद नाहीत, साइटवर देखरेख नाही, आरसीसीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्यावाच लागेल. सही करा, समोरच्याची घ्या. दुसरी तक्रार, यानं फीचे दर पडतील. कसे पडतील? हा माणूस तुमच्याकडे येतच नव्हता. पाच हजारांवर तो येईल, आणि आलेल्यांतले काही पुढचं कामही देतील. तिसरी मला मनापासून पटते: लोक फुकट मागतात. "जरा एक प्लॅन काढून द्या ना, तुम्हाला काय, दहा मिनिटांचं काम." लग्नात, सत्यनारायणाला, रस्त्यात गाठून. दहा मिनिटांत काढता यावं म्हणून त्यानं पाच वर्षं कॉलेजात आणि पुढची किती वर्षं उन्हात घालवली, याचा विचार नाही. हे बंद व्हायला पाहिजे, आणि ते बंद करायचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे दारावरचा दरफलक.

जिल्ह्याच्या आर्किटेक्ट संघटना हे एका बैठकीत करू शकतात. आठवड्यातला एक दिवस सल्ल्याचा. तरुण आर्किटेक्ट, जे मोठ्या ऑफिसांत दुसऱ्यांच्या टॉवरचे एलिव्हेशन रंगवत बसलेत, त्यांना या दिवशी बसवा, ज्येष्ठांनी नकाशावर एकदा नजर टाकावी. कर्ज देणाऱ्या पतसंस्थांनी अर्जासोबत हा सल्ल्याचा कागद मागावा. पंचवीस लाख देताना तेवढं मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

आणि तुम्ही. दिवाळी झाली की बांधकामं सुरू होतात. भूमिपूजनाचा मुहूर्त काढण्याआधी तालुक्याच्या गावातल्या एखाद्या आर्किटेक्टला फोन करा. सांगा, मला पूर्ण काम परवडणार नाही, दोन तास पाहिजेत, फी सांगा. घासाघीस करू नका. जाताना प्लॉटचा मोजणी नकाशा न्या, घरातल्या बायकांना सोबत न्या, आणि ठेकेदाराला त्या दिवशी घरी ठेवा.