चोवीस तास भरायचे कसे?

1978 साली बिल रॅसमुसेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांची नोकरी गेली. न्यू इंग्लंड व्हेलर्स या आइस हॉकी संघाच्या प्रसिद्धीचं काम ते बघत. नोकरी गेली की आपल्याकडे माणूस आधी ओळखीपाळखीच्यांना फोन करतो, मग पत्रिका दाखवतो. रॅसमुसेन यांनी मुलाला, स्कॉटला, हाताशी धरलं आणि ठरवलं, की आपल्या कनेक्टिकट राज्यातले सामने केबलवर दाखवायचे. रोज संध्याकाळी चार-पाच तास, बस.

त्यासाठी ते उपग्रहावरच्या जागेचं भाडं विचारायला आरसीए कंपनीकडे गेले, तर तिथला हिशेब न्याराच. रोजचे पाच तास घेतले तर जास्त पैसे, अख्खे चोवीस तास घेतले तर कमी! खानावळीत नुसती भाजी मागावी आणि मालकाने सांगावं, की त्यापेक्षा राइस प्लेट स्वस्त पडेल, तसं. बापलेकांनी अर्थातच राइस प्लेट घेतली.

आता एवढी संपवायची कशी? या प्रश्नावर ऑगस्ट महिन्यात दोघांचा गाडीत वाद झाला. गाडी वॉटरबरी गावाजवळ वाहतुकीत अडकली होती, त्यामुळे उठून जायची सोय नव्हती. त्या वादातून निघालं ते हे, की चोवीस तास फक्त खेळच दाखवायचे. वाहतूक कोंडीतून काही भलं निघाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. पुणेकरांनी धीर सोडू नये.

पैसे घातले गेटी ऑइल या तेल कंपनीने. जागा मिळाली ब्रिस्टल गावात. हे गाव एकोणिसाव्या शतकात घड्याळांसाठी प्रसिद्ध होतं, आजही तिथे घड्याळांचं संग्रहालय आहे. ज्या गावाने लोकांच्या भिंतींवर तास टांगले, त्याच गावावर आता ते भरायची वेळ आली.

7 सप्टेंबर 1979 च्या संध्याकाळी सात वाजता त्यांची ईएसपीएन ही वाहिनी सुरू झाली. इमारत अर्धवट, आवारात चिखल. आधी ‘स्पोर्ट्‌ससेंटर’ हा बातम्यांचा कार्यक्रम झाला. मग पहिल्या रात्रीचा सामना कुठला, तर सॉफ्टबॉलचा, तोही हळू चेंडू टाकायच्या प्रकारातला. केंटकी बर्बन्स विरुद्ध मिलवॉकी श्लिट्झ. एका संघाच्या नावात व्हिस्की, दुसऱ्याच्या नावात बिअर. वाहिनीचा सगळ्यात मोठा जाहिरातदार होता बडवायझरवाला, म्हणजे श्लिट्झचा थेट प्रतिस्पर्धी! त्याने पैसे मोजले आणि पडद्यावर रात्रभर दुसऱ्याच बिअरचं नाव गाजलं. लग्नाचा खर्च एकाचा आणि आहेर दुसऱ्याच्या नावावर, हा प्रकार तिकडेही आहे म्हणायचा.

पहिल्या वर्षी तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी चोवीस तास भरायला जमलंच नाही. ते जमलं 1980 च्या सप्टेंबरात. मोठे खेळ बड्या वाहिन्यांनी आधीच बांधून ठेवलेले. मग मिळेल ते दाखवायचं. ऑस्ट्रेलियातला फुटबॉल आला. त्याचे नियम अमेरिकनांना कळत नव्हते, पण मध्यरात्री झोप न येणाऱ्याला नियमांशी काय घेणं? ट्रॅक्टरने वजन ओढायच्या शर्यती आल्या.

एप्रिल 1980 मध्ये तर त्यांनी कमाल केली. कुठला नवा खेळाडू कुठल्या अमेरिकन फुटबॉल संघात जाणार, त्याची नावं वाचून दाखवायची एक बैठक होते. ती त्यांनी थेट दाखवली. हे कोण बघणार, असं खुद्द फुटबॉल लीगच्या प्रमुखांना, पीट रोझेल यांना, वाटलं होतं. लोकांनी बघितली. चेंडू नाही, मैदान नाही, नुसती यादी. आणि आज त्या यादीवाचनाला लाखो प्रेक्षक असतात. आपण आयपीएलचा लिलाव दोन दिवस डोळे ताणून बघतो, तेव्हा हसायचा अधिकार आपल्यालाही नाही.

1994 पासून याच क्रीडावाहिनीवर शाळकरी मुलांची स्पेलिंगची स्पर्धाही दिसू लागली. टीव्हीवर खेळ बघू नका, अभ्यास करा, असं बजावणाऱ्या अमेरिकेतल्या देशी आईबापांना याहून मोठं वरदान कुठलं? 2019 साली त्या स्पर्धेत आठ संयुक्त विजेते झाले, त्यातले सात भारतीय वंशाचे.

मार्च 2020 मध्ये करोनाने जगभरचे सामने थांबवले, तेव्हा ही वाहिनी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. तास तेवढेच, खेळ शून्य. मग चेरीच्या बिया लांब थुंकण्याची स्पर्धा दाखवली, पाण्यावर चपटा दगड टप्प्याटप्प्याने पळवण्याची दाखवली. मला विचाराल तर हीच त्या वाहिनीची खरी विद्या. हक्क विकत घेणं पैसेवाल्याला जमतं. पैसे नसताना रात्री तीन वाजता माणसाला खुर्चीला खिळवायला वेगळी अक्कल लागते.

ती अक्कल आपल्याकडे नाही असं नाही. 2014 साली वरळीत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. चढाईला तीस सेकंद, भोवती दिवे, मॅटवर खेळ. कबड्डी कोण बघणार म्हणणारे त्याच आठवड्यात घरबसल्या पकडींवर मतं देऊ लागले.

तरीही पावसाने क्रिकेटचा सामना थांबला, की आमच्या वाहिन्यांना अजून 2007 चा टी-20 विश्वचषकच सापडतो. त्यातला शेवटचा झेल श्रीशांतच घेणार, हे आता घरातल्या मांजरालाही पाठ आहे. तेव्हा वाहिनीवाल्यांना एकच विनंती. पाऊस लागला की कोल्हापूरच्या खासबागेतली जुनी कुस्ती लावा, खो-खो लावा, अगदीच काही नसेल तर कुठल्या तरी गल्लीतली लगोरी लावा. नियम आम्हाला माहीत आहेत, आणि बघायला आम्ही बसलोच आहोत.