मुलाला निसर्ग लागू न देता निसर्गात कसे पाठवावे

नाताळच्या सुट्टीत भीमाशंकरला तीन दिवसांचे निसर्गशिबिर ठरले, की प्रथम आयोजकांनी पाठवलेली सामानाची यादी वाचून बाजूला ठेवावी. तिच्यात स्वेटर, कानटोपी, विजेरी, बाटली आणि वही-पेन्सिल एवढेच असते. यादी करणाऱ्याला मूलबाळ नसावे. आपण चाकांची मोठी बॅग घ्यावी, तीत कपड्यांचे सहा जोड आणि दोन किलो चिवडा भरावा. जंगलवाटेवर मुळांतून चाके किती फिरतात ते मुलाला कळेल, आणि चिवड्याचे काय करायचे ते माकडांना.

मग पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर विचारावे : तिकडे बिबट्या आहे का? नाही ना? आणि असला तर मुलांना दिसेल ना? तिन्ही प्रश्न एकाच पालकाने विचारावेत.

शेकरू दिसलेच पाहिजे, असे मुलाला बजावून ठेवावे. आपला राज्यप्राणी आहे, १९८५ साली त्याच्यासाठी तिथे अभयारण्य झाले, आणि आपण फी भरली आहे. अडचण एवढीच, की हे प्रकरण राहते झाडांच्या शेंड्यांत, एका झेपेत वीसेक फूट अंतर तोडते आणि एकट्यासाठी अनेक घरटी बांधून ठेवते. (पुण्यातल्या पालकांना हे शेवटचे समजावून सांगावे लागत नाही.) ते पाहायचे तर मान वर करून गप्प बसावे लागते. चाळीस मुले गप्प बसत नाहीत. तरीही कोणाला तरी तांबूस शेपूट दिसते, आणि उरलेली एकोणचाळीस घरी येऊन ती आपणच पाहिली असे सांगतात. विश्वास ठेवावा.

खाजकुइलीविषयी आधी काहीही बोलू नये. थंडीत तिच्या शेंगा वाळतात. वरची मखमली लव इतकी गोजिरी दिसते, की वाटाड्याने ‘हात लावू नका’ म्हणताच निदान चार हात पुढे जातात. मग गावातल्या आजीबाई शेण चोपडायला सांगतात. आपल्या चिरंजीवांनी स्वखुशीने अंगाला शेण लावून घेतल्याचा हा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रसंग. फोटो मागवून घ्यावा.

रात्री तिथे रेंज नसते. नऊला फोनची वाट पाहावी, साडेनऊला आयोजकांना अठरा वेळा लावावा, दहाला मामाच्या ओळखीचे पोलीस आठवावेत. त्या वेळी मूल गोधडीत गुरफटून, मृगाच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली ओढत नेली की व्याध सापडतो, हे शेजारच्याला चुकीच्या दिशेला बोट दाखवून शिकवत असते.

परतल्यावर बॅग उघडावी. पाच जोड घडीसकट परत आलेले असतात. सहावा अंगावर असतो आणि तो तीन दिवस उतरलेला नसतो. मोजे कुसळांनी भरलेले असतात. दारात चिमटा घेऊन बसावे आणि एकेक कुसळ उपटून कागदावर ठेवावे. कागद केराच्या टोपलीपर्यंत पोचण्याआधी मूल ओरडते, “आई, फेकू नकोस, ते बी आहे! तुळशीच्या कुंडीत लावायचंय.”