पण करते काय?

गेल्या रविवारी आर्णीकडच्या एका गावी मुलगी पाहायला गेलो होतो. माझ्यासाठी नव्हे, माझं जे व्हायचं ते पंचवीस वर्षांपूर्वीच होऊन गेलं. मित्राचा पुतण्या, वय एकतीस, बारा एकर ओलिताची, सुपारीचंही व्यसन नाही. पोह्यांच्या बशा आल्या. मुलीच्या मामांनी अडकित्त्यात सुपारी धरली.

"पोरगा काय करते?"

"शेती करते."

"थे समजलं. पण करते काय?"

यावर आमच्या बाजूनं कोणी बोललं नाही. मामांनी मग सोपा प्रश्न टाकला, "पॅकेज किती?" माझा मित्र भाबडा. म्हणाला, "पॅकेज तं २००६ मधी आलं होतं." खरंच आलं होतं. मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी जाहीर झाले. पुण्यात पॅकेज माणसाला मिळतं, आमच्याकडे जिल्ह्याला.

पोरगा एवढा वेळ बशीखाली हात लपवून बसला होता. वेचणीला मजूर मिळेना म्हणून स्वतःच वेचत होता. वाळल्या बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघाल्या होत्या. मामांनी त्या बोटांकडे पाहिलं ते थेट सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरसारखं. तिथं निदान नियम तरी ठरलेला असतो. ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कापायचा, बारावर गेला की गाडी परत. इथं न मोजताच गाडी परत.

येताना मध्यस्थानं बाजार समजावून सांगितला. मास्तर, तलाठी, पोलीस म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस, हातोहात जातो. कृषी सहायकालाही भाव चांगला. खत-बियाण्यांचं दुकान असलं की मुलीकडचेच दोन चकरा मारतात, आणि जिनिंग असली तर विचारूच नका.

"अन् आपला पोरगा?"

"फरदड. हंगाम सरल्यावरचा कापूस."

म्हणजे पऱ्हाटी कशी लावावी हे सांगणारा चालतो, तिचं बी विकणारा चालतो, तिच्यावरचं औषध विकणारा चालतो, कापूस दाबून गाठी बांधणारा चालतो. लावणारा तेवढा चालत नाही. आमच्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री होते. त्यांच्या जयंतीला, १ जुलैला, राज्यभर कृषिदिन असतो. सकाळी बळीराजाच्या गळ्यात हार घालणारे साहेब संध्याकाळी स्वतःच्या मुलीसाठी बळीराजा शोधताना मी तरी पाहिले नाहीत.

वणीकडे थोडी आशा आहे. कोळसा खाणीला जमीन गेली की कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी धरलेली आहे. म्हणजे वावर हिरवं असेपर्यंत पोरगा बिनलग्नाचा. खाली कोळसा निघाला, वावराचा खड्डा झाला, की मांडव पडला. आमच्या पुतण्याच्या शेतात काळी माती आहे, पण ती नुसतीच काळी.

अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, सुख पैशात नसतं. परवा मला हे एका पेन्शनर मित्रानं ऐकवलं. एक तारखेला बँकेचा मेसेज येतो, त्यानंतर त्याला असं सुचतं. शेतीसारखं सुख नाही, असंही तो म्हणतो. त्याची स्वतःची शेती मक्त्यानं दिलेली आहे.

आमच्याकडे नोकरीवर पाणी सोडणारेही होऊन गेले. याच वणीत १८८० मध्ये लोकनायक बापूजी अणे जन्मले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातली जागा म्हणजे त्या काळची केवढी मोठी नोकरी! फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्याबरोबर त्यांनी तिच्यावर पाणी सोडलं. मामांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी पेन्शनचं विचारलं असतं. (बापूजी त्याच वर्षी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले, म्हणजे मामांनी कदाचित होकारही दिला असता.) शेतीतच नाव काढणारेही आहेत. यवतमाळजवळच्या छोटी गुजरीचे सुभाष शर्मा रासायनिक शेती सोडून नैसर्गिक शेतीकडे वळले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे उदाहरण मी मध्यस्थाला मोठ्या उत्साहानं दिलं. तो म्हणाला, "पोरगी थांबन का तवरोक?"

आता मामांना शिव्या घालून हा कॉलम संपवणं सोपं होतं. पण आम्ही चपला घालत होतो तेव्हा मुलीची आई दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "राग नोका मानू, भाऊ. एकवीस वर्सं पऱ्हाटी येचली म्या. पेरणीले गयातलं गहाण ठेवलं, कापूस इकला का सोडवलं. दोन साल तं सुटलंच नाई. पोरीले एक तारीख पायजे, बस." तिच्या गळ्यात तेव्हाही काळी पोतच होती. मी तिला सुख आणि पैसा यांतला फरक सांगणार होतो, पण चपलेचा अंगठा सापडेना.

मध्यस्थ मात्र हरलेला नाही. त्यानं बायोडाटातलं 'शेती' खोडलं, तिथं 'ॲग्रो बिझनेस' टाइप केलं आणि तोच फोटो पुन्हा सोडला. तीन दिवसांत दोन फोन आले. एकानं विचारलं, "दुकान कुठी हाये?" मित्र पुन्हा खरं बोलला, "दुकान नाई, वावर हाये." पलीकडे जरा वेळ शांतता. मग आवाज आला,

"रोडटच हाये का?"