चित्रांचे फडणीस

ज्याच्या मालकीची वस्तू तो धनी, जो वस्तूचा उपभोग घेतो तो रसिक, आणि जो वस्तूकडे ढुंकूनही न पाहता तिची नोंद मात्र बिनचूक ठेवतो तो फडणीस, अशी वाटणी आपल्या मुलखात पेशवाईपासून चालत आलेली आहे. पेशवाई बुडाली, दप्तरांचे रुमाल पुण्यात एका दगडी इमारतीत बंदिस्त झाले, तथापि फडणिशी वृत्ती काही बुडाली नाही. आणि गेल्या शतकाच्या अखेरीस संगणक नावाचे यंत्र सांगलीच्या गणपती पेठेतल्या आणि साताऱ्याच्या मोती चौकालगतच्या छापखान्यांत दाखल झाले, तेव्हा त्या यंत्रासमोर हीच वृत्ती चष्मा सावरून येऊन बसली. या वृत्तीच्या गृहस्थांना मी चित्रांचे फडणीस म्हणतो. (हास्यचित्रकार शि. द. फडणीस निराळे, त्यांनी चित्रे काढली, हे चित्रे मोजतात.)

हा गृहस्थ आता साठीच्या अलीकडेपलीकडे असतो. उमेदवारी त्याने ट्रेडल यंत्रावर केलेली असते, जुळाऱ्याच्या हाताखाली खिळे वेचलेले असतात, आणि लगीनसराईत ‘श्री गजानन प्रसन्न’च्या डोक्यावर बसवायचा गणपतीचा जस्ताचा ठसा नेमका ऐन वेळी कोणत्या खणात दडून बसतो या प्रश्नाने त्याच्या तारुण्याची काही वर्षे खाल्लेली असतात. ठशांचे हे वेड या भागाला नवे नाही. नाना फडणविसांच्या आश्रयास असलेल्या तांबट कारागिराने नानांच्या पश्चात मिरजेस येऊन पटवर्धनांच्या पदरी तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली, ती १८०५ साली. गीता छापणारा कारागीर फडणिसांच्याच छायेतून यावा, हा योगायोग आमच्या गृहस्थास कोणी सांगितला, तर तो प्रथम विचारील की पत्रे एकूण किती होते आणि त्यांवर क्रमांक घातले होते की नव्हते.

संगणक आला आणि त्याच्या मागोमाग फ्लॉपी डिस्का आल्या. आधी सव्वापाच इंची, लवचीक, काळ्या. नंतर साडेतीन इंची, कडक, खिशात मावणाऱ्या. त्यांच्यावर तयार चित्रे भरलेली असत, ज्यांना धंद्यात क्लिप आर्ट म्हणतात: कलश, सनई-चौघडा, वरमाला, आंब्याचे तोरण, आणि गणपती, गणपती, गणपती. ही चित्रे विकत कोणी घेतली हे विचारण्याची त्या काळी रीत नव्हती. ती एका छापखान्यातून दुसऱ्यात प्रसादासारखी फिरत. हजारभर चित्रे गोळा होताच आमच्या गृहस्थाच्या ध्यानात आले की जुना प्रश्न नव्या खणांत शिरला आहे. डॉस नावाच्या कारभाऱ्याचा हुकूम असा, की फाइलीचे नाव इंग्रजी आठ अक्षरांत बसवावे, पुढे टिंब द्यावे, आणि टिंबापुढे तीन अक्षरांत तिची जात सांगावी. या हुकुमापुढे देवळाचा कळस आणि लग्नाचा कलश एकाच नावाने नांदू लागले, आणि गिऱ्हाईक दारात उभे राहून म्हणू लागले, “काका, गेल्या वैशाखात पाटलांच्या पत्रिकेवर होता ना, तोच गणपती टाका.”

तेव्हा काकांनी प्रोग्रॅम लिहिला. कोणी शिकविले नाही. एक जुने पुस्तक आणि रात्रीची जाग्रणे एवढ्या भांडवलावर आधी जीडब्ल्यू-बेसिकमध्ये, मग टर्बो पास्कलमध्ये, त्यांनी तो उभा केला. डिस्क आत सारली की प्रोग्रॅम तिचा क्रमांक विचारतो, मग एकेक फाइल उघडून तिची जबानी घेतो. पीसीएक्स जातीच्या चित्राचे पहिले १२८ बाइट हे त्याचे खरेदीखतच समजावे: पहिला बाइट दहा असला की कुळाचा दाखला रुजू झाला, आणि पुढे डावी, वरची, उजवी, खालची अशी चतु:सीमा नमूद. उजवीतून डावी वजा करावी, एक मिळवावा, म्हणजे रुंदी आली. काकांनी तो एक मिळवला नाही. शेकडो चित्रे एकेका ठिपक्याने अरुंद नोंदली गेल्यावर ही गोष्ट उघडकीस आली. परंतु झालेल्या नोंदीत खाडाखोड करणे म्हणजे दप्तराची बेअदबी, म्हणून त्यांनी यादीत तेथेच शेरा मारला: ‘येथून मागील सर्व रुंद्या एक ठिपका कमी समजाव्यात.’ तो शेरा आजतागायत कायम आहे.

याहून मोठा पेच डिस्कने घातला. ३६० किलोबाइटांच्या डिस्कच्या मुख्य यादीत ११२ नोंदींपुरतीच जागा असते. पुढे डिस्क निम्मी रिकामी का असेना, ११३ वे चित्र उंबऱ्यावरून परत. त्यातही डिस्कला नाव द्यावे तर त्या नावालाच एक नोंद खर्ची पडते. काकांना नावावाचून डिस्क म्हणजे बेवारस वाटे, सबब त्यांनी प्रत्येक डिस्कमागे एका चित्राचा बळी देऊन नाव घातले. चित्र की नोंद असा प्रश्न येताच त्यांचा कौल कोणीकडे पडतो, हे यावरून वाचकांच्या लक्षात यावे.

पण त्यांच्या विद्वत्तेचा खरा कस गणपतीच्या प्रकरणात लागतो. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे सांभाळावे लागते, या भयाने गिऱ्हाईक नेहमी डाव्या सोंडेचाच मागते. डिस्कवर उजव्याच सोंडेचा असला तर धंद्यातला सामान्य मनुष्य एक कळ दाबून चित्र आरशातल्यासारखे उलटे करतो, सोंड डावीकडे जाते, आणि सर्वांचे समाधान होते. काकांचे होत नाही. कारण सोंडेबरोबर सगळेच पालटते: मोदक या हातातून त्या हातात जातो, मोडका दात या बाजूचा त्या बाजूस जातो, आणि डाव्या खांद्यावरचे जानवे उजव्या खांद्यावर येऊन गणपती अपसव्य होतो. अपसव्य जानवे श्राद्धाचे! शुभविवाहाच्या पत्रिकेवर श्राद्धाचा गणपती छापून वधूवरांस आशीर्वाद मागणे काकांच्या शास्त्रात बसत नाही. म्हणून त्यांच्या प्रोग्रॅममध्ये ‘सोंड’ आणि ‘जानवे’ असे दोन स्वतंत्र रकाने आहेत, आणि पुढे ‘मूळ’ की ‘पालटलेला’ असा तिसरा. माझ्या मते मराठी माणसाने संगणकशास्त्रात घातलेली ही भर उपेक्षित राहिलेली आहे.

परदेशी चित्रांनी त्यांना निराळा त्रास दिला. अमेरिकेतून आलेल्या डिस्कांवर डोळे-दात कोरलेला भोपळा होता. तो ‘भाजीपाला’ या सदरात गेला. टर्की पक्षी ‘मोर (इतर)’ या सदरात दाखल झाला, आणि नुसती आकृती छापली असता पुष्कळांना तो मोर म्हणून चाललाही. मात्र ज्या जिल्ह्यात नजर टाकावी तिकडे ऊस, त्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या अहवालासाठी उसाचे एकही चित्र त्या परदेशी डिस्कांत नव्हते. शेवटी बांबूवर भागवावे लागले. नोंदीत तो ‘बांबू (ऊस म्हणून)’ असा आहे.

सांगलीचे काका आणि साताऱ्याचे काका यांच्यांत मतभेद आहे, तो वर्गवारीचा. सांगली ही हळदीची पेठ. तेथला गृहस्थ गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे, म्हणजे मुंज, लग्न, वास्तुशांत, निवडणूक, अशी विषयवार मांडणी करतो. साताऱ्याकडचा अकारविल्ह्याचा कट्टर अभिमानी. ज्या जिल्ह्यात वाईला तर्कतीर्थांनी विश्वकोशाचा संसार मांडला, तेथल्या पाण्याचा तो गुण असावा. त्याच्या यादीत ‘वर’ आणि ‘वरवंटा’ शेजारी बसतात याचा सांगलीकरांस विषाद वाटतो, आणि ‘निवडणूक’ या सदरात गणपती, हात जोडलेला पुरुष आणि गाढव एकत्र कसे, याचा साताऱ्यास.

दोघांचा शत्रू मात्र एकच, पाणी. साताऱ्यात पावसाळ्याच्या ओलीने चकतीवर पांढरी बुरशी धरते. अशी चकती ड्राइव्हमध्ये घातली की ती त्याचे मुंडके खराब करते, आणि ते मुंडके पुढच्या निरोगी चकतीला ओरखडते. मग वरचे कवच कापून चकती बाहेर काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलाने पुसायची, दुसऱ्या कवचात घालायची आणि कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात क्रमाने लावायची. सांगलीस पाणी अंगणातूनच येते. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा गावभागातल्या काकांनी माळ्यावर प्रथम काय नेले, हे त्यांच्या सौभाग्यवती अद्याप सांगतात: “आधी ते काळे चौकोन वर गेले, मग धान्य, मग मी.” काकांचे म्हणणे असे की चौकोनांना क्रमांक होते, वर नेणे सोपे गेले.

लग्नाच्या मांडवात यांना भेटावे. हातात पत्रिका पडली की हे वधूचे नाव वाचत नाहीत, मुहूर्त वाचत नाहीत, गणपतीकडे पाहून पुटपुटतात, “डिस्क सतरा, चौतीस. पालटलेला.” आणि जेवायला बसतात.

आता या साऱ्या खटाटोपाची किंमत काय, असे कोणी विचारील. चित्रे बहुतेक सुमार आहेत, हे मी स्पष्ट सांगतो. त्यांतले काही गणपती खुद्द देवानेही ओळखले नसते. शिवाय आज मोबाइलवर बोट फिरवताच हवी तेवढी चित्रे येतात. परंतु एका पिढीच्या लग्नांवर, मुंजींवर आणि पतसंस्थांच्या अहवालांवर कोणती चित्रे छापली गेली, ती कोठून आली आणि कोणी कशी पालटली, याची रुजू केलेली, तपशीलवार, एका ठिपक्याच्या फरकाने अचूक अशी कैफियत आणखी कोणी ठेवली असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

अडचण एवढीच आहे की साडेतीन इंची डिस्क वाचणारे यूएसबी ड्राइव्ह अजून मिळतात, सव्वापाच इंचीचे तसे बाजारात मिळत नाहीत. त्याला जुनेच यंत्र हवे. तेव्हा सातारा ते सांगली या टापूत कोणाच्या माळ्यावर सव्वापाच इंचीचा चालू ड्राइव्ह पडून असेल, तर त्याने तो भंगारात न घालता यांच्यापैकी कोणाच्याही स्वाधीन करावा. पावती मिळेल, पावतीवर क्रमांकही असेल. ड्राइव्ह मात्र परत मिळेल, अशी आशा धरू नये.